एझ्रामामाचे बूट

बूट रोज हलले पाहिजेत, असं डोव्ही मावशीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एका जागी पडून राहिलेल्या बुटात कोळी जाळं विणतो, आणि जाळं लागलेला बूट बघून शेंबडं पोरसुद्धा ओळखतं की या घरात गडीमाणूस नाही. म्हणून ओझेला रोज उजाडता उजाडता पडवीत यायची. बूट उचलायची, हातपंपाखालच्या चिखलात त्यांचे तळवे दाबायची आणि ते नव्या जागी ठेवायची. कधी पायरीवर जोडीनं, तर कधी एक सरळ आणि एक आडवा, दमून आलेल्या माणसानं पायानंच ओढून टाकल्यासारखा.

बूट होझीचे, तिच्या नवऱ्याचे. तीन वर्षांपूर्वी कापूस वेचून संपला त्या आठवड्यात होझी शिकागोच्या गाडीत बसला. दोन पत्रं आली, मग तीही थांबली. बूट तेवढे मागं राहिले, कारण शिकागोत म्हणे चिखल नसतो. ओझेलाच मग ते शेतात घालू लागली. पुढच्या टोकात चिंध्या कोंबल्या की बसायचे. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशी हाड बाहेर आलं होतं, त्या जागी तिनं चाकूनं चामड्याला बोटभर चीर दिली होती.

पण गेल्या पानगळीपासून ते बूट होझीचे नव्हते, ओझेलाचेही नव्हते. ते एझ्राचे होते. एझ्रा म्हणजे ओझेलाचा थोरला भाऊ. नदीच्या बांधावर काम करताना पुरात वाहून गेला, त्याला अकरा वर्षं झाली होती. पण हे इकडं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण ओझेलाचं माहेर लांबचं, आठ तासांच्या वाटेवरचं.

एझ्रा घरात आला तो बर्ल साहेबामुळं.

बर्ल हा मळ्याचा मुकादम. करड्या रंगाच्या ट्रकमधून तो दिवसभर सऱ्यासऱ्यांतून फिरायचा. घर मळ्याचं, पंप मळ्याचा, दुकान मळ्याचं, आणि या सगळ्यावर मालकाचा डोळा म्हणजे बर्ल. त्याचा ट्रक आधी ओझेलाच्या घरावरून सरळ जायचा. तिच्या थोरल्या लेकीला, व्हर्लीनला, चौदावं लागलं आणि तो वळणावर मंदावू लागला. एकदा खिडकीतून मान काढून तो म्हणाला, "पोरगी उफाड्याची झाली गं तुझी. आमच्या घरी बाईसाहेबांना हाताखाली हवीच आहे कुणीतरी. पाठव."

"पाठवते की साहेब," ओझेला म्हणाली होती, "पण धाकट्याच्या छातीत घरघर आहे. ती नसली तर त्याला धरणार कोण?"

तो हसला आणि गेला. चार दिवसांनी पुन्हा मंदावला. पलीकडच्या लुव्हिनियाच्या थोरलीला अशीच हाताखाली बोलावली होती. सहा महिन्यांत तिला मेम्फिसच्या मावशीकडं धाडून दिली, आणि का धाडली हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

"बर्ल काळ्या माणसाला भीत नाही," डोव्ही मावशी म्हणाली होती, "पण बोभाटा झालेला त्याला चालत नाही. त्याची बायको चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते. घरात गडी आहे, त्याच्या भिंतीला बंदूक टांगलेली आहे, असं दिसलं की तो दुसरं घर बघतो. तुझ्याकडं गडी नाही ना? मग आण एक."

"कुठून आणू मावशी? दुकानात मिळतो का?"

"मिळतो की. बूट आहेत ना घरात? अर्धा गडी तिथंच झाला."

असा एझ्रा आला. गावातल्या सरकीच्या तेलाच्या गिरणीत त्याची रात्रपाळी होती. त्यामुळं तो दिवसा झोपायचा आणि कुणाला दिसायचा नाही. बर्लला हे सांगताना ओझेलानं मान वर केली नव्हती. पण त्यानं पडवीकडं, बुटांकडं एक नजर टाकली आणि ट्रक पुढं नेला.

आता यात एक मेख होती. ओझेलाला सरकारी मदतीचा चेक यायचा. नवरा टाकून गेलेल्या, पदरी पोरं असलेल्या बाईला मिळायचा तसा. छोटाच, पण त्या चेकमुळंच ती घरी राहू शकत होती. चार घरचं धुणं घरी आणून धुवायचं, धाकट्या क्लीओच्या छातीवर निलगिरीचं तेल चोळायचं आणि व्हर्लीनला नजरेआड होऊ द्यायचं नाही. चेकची अट एकच: घरात पुरुष नको. नवरा नको, मित्र नको, कमावता भाऊसुद्धा नको.

म्हणजे बर्लसाठी घरात पुरुष हवा, आणि मदत देणाऱ्या कचेरीसाठी नको.

ओझेलानं यावरही तोड काढली. तो मुलूख मिसिसिपीचा, ताटासारखा सपाट. मैलभरावरून येणारी गाडी तिच्या धुळीवरून दिसते. धूळ उठली की व्हर्लीननं पंपाच्या कट्ट्यावर चढून बघायचं. करडा ट्रक असेल तर बूट बाहेर. कचेरीची हिरवी मोटार असेल तर बूट आत, पिठाच्या डब्यामागं.

सगळ्यात अवघड होतं ते सहा वर्षांच्या नेटी रूथला शिकवणं. रविवारच्या शाळेत तिला नुकतंच सांगितलं होतं की खोटं बोलणाऱ्याच्या जिभेला फोड येतात. ओझेला शेंगा सोलायला बसली की तिला समोर घ्यायची आणि पाढे म्हणून घ्यावेत तसं शांतपणे म्हणून घ्यायची.

"पँटवाला आला आणि विचारलं मामा कुठंय, तर?"

"मामा झोपलाय. रात्रपाळी आहे."

"आणि झगेवाली आली, हातात वही असलेली?"

"मामा... मामा नाही. आम्ही चौघंच."

"शाब्बास. पुन्हा म्हण."

"पण आई, खरा कुठला?"

ओझेलानं शेंग मोडली. "दोन्ही आपापल्या वेळेला खरे. रात्री चंद्र खरा, दिवसा सूर्य खरा. तसं."

नेटी रूथनं मान डोलावली. मग जीभ बाहेर काढून व्हर्लीनला दाखवली, फोड आलाय का बघायला.

त्या वर्षी वसंत ओला गेला. कापूस दोनदा पेरावा लागला. आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं पडलं. कापूस बोटभर आणि तण वीतभर. मे उजाडला तशी काळ्या मुलांची शाळा दरवर्षीप्रमाणं बंद झाली, पोरांनी खुरपणीला जावं म्हणून. व्हर्लीन घरी बसली. सगळ्या मळ्यांना हात हवे होते, आणि हात हवे झाले की कचेरीला घरोघरच्या बायांची आठवण यायची.

रविवारी चर्च सुटल्यावर बाया चिंचोळ्या सावलीत उभ्या राहिल्या. डोव्ही मावशीनं टोपी काढून तिनं वारा घेतला. वय अडुसष्ट, पण खुरपणीच्या सरीत अजून दोन तरण्यांना मागं टाकायची.

"लुव्हिनियाचा चेक बंद केला," ती म्हणाली. "खिळ्याला टोपी सापडली."

"कुणाची?"

"तिच्या बापाची! म्हातारा मरून चार वर्षं झाली. ती म्हणाली, बाई, ही माझ्या मेलेल्या बापाची टोपी. तर ती कचेरीवाली म्हणते, मग जपून का ठेवलीस?"

"अगं बाई. मग काय टोपी त्याच्याबरोबर पुरायची होती?"

"पुरायलाच हवी होती. आणि कोरा बेलचा तर वस्तऱ्यावरून गेला."

"कोराला वस्तरा कशाला लागतो गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"हनुवटी बघितलीस का तिची?"

बाया हसल्या. हसू लवकर विरलं. डोव्ही मावशीनं ओझेलाच्या दंडाला धरून तिला बाजूला घेतलं. "खुरपणी सुरू झाली की घरात पुरुष सापडतातच त्यांना. सापडले नाहीत तर म्हणतात, शेतात काम आहे, चेक कशाला? मालक स्वतःच त्यांच्या पंचांत बसतो. तू घर झाड पोरी. अगदी कोपऱ्यापासून."

सोमवारी ओझेलानं घर झाडलं. तीन खोल्या एकामागं एक, पुढच्या दारातून गोळी मारली तर मागच्या दारातून जाईल अशा. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली. तिनं होझीचा पट्टा काढला, त्याचा फोटो काढला, दाढीची वाटी काढली. वर्तमानपत्रात टोपीवाला एक माणूस सिगारेटच्या जाहिरातीत हसत होता, त्याच्यावरही व्हर्लीननं खळ लावून दुसरा कागद डकवला.

"हाही नको घरात," ती म्हणाली. "उगाच चेक बुडवायचा."

ओझेलाला हसू आलं. तिनं सगळं एका पोत्यात भरून कोंबड्यांच्या खुराड्याखाली सारलं. मग पडवीत येऊन बुटांकडं बघितलं. सूर्य अजून वर यायचा होता. तिनं बूट आत नेले. मग तिला आठवलं, शुक्रवारी बर्ल म्हणाला होता, "सोमवारपासून घरटी एक माणूस सरीत हवा. तू तरी ये, नाहीतर पोरीला पाठव, नाहीतर तुझ्या त्या झोपाळू भावाला उठव. मी बघायला येईनच."

पोरीला सरीत पाठवणं म्हणजे काय, ते गेल्या वर्षी कळलं होतं. बर्लनं व्हर्लीनला बायांच्या रांगेतून काढून शेवटच्या सरीला लावलं होतं, त्याचा ट्रक उभा असायचा तिथं. ओझेलानं आपली सरी अर्धी टाकून तिला घरी आणली होती.

तिनं बूट दारामागं, पटकन हाताशी येतील असे ठेवले आणि धुण्याच्या कढईखाली लाकडं सारली.

दहाच्या सुमाराला कट्ट्यावरून व्हर्लीन ओरडली, "आई, धूळ!"

"कसली?"

व्हर्लीननं डोळ्यांवर हात धरला. पांढरा लोट उठला होता, नेहमीपेक्षा जाड. त्याच्या तोंडाशी उन्हात काच चमकली. "करडा! करडा ट्रक!"

ओझेला ओल्या हातांनी धावली. बूट उचलले, पंपाखाली दाबले, पायरीवर टाकले. एक सरळ, एक आडवा. मग हात एप्रनला पुसत ती पडवीत उभी राहिली. स्वतःच्याच डोळ्यांनी तिनं एकदा बुटांकडं बघितलं. चांगले दिसत होते. खरे दिसत होते.

ट्रक वळणावर आला, मंदावला, आणि आज पहिल्यांदाच आत वळला.

त्याच्या मागच्या धुळीतून हिरवी मोटार बाहेर आली.

ओझेलाला काय झालं ते कळायला दोन श्वास लागले. दोन गाड्या एकाच धुळीत आल्या होत्या. तिनं एक पाऊल पायरीकडं टाकलं, पण बर्ल उतरला होता आणि बघत होता. आता बूट उचलणं म्हणजे ओरडून सांगण्यासारखं होतं.

मोटारीतून उतरली ती कचेरीची मिस टार्पली. वय असेल पंचविशीचं. पांढरे मोजे धुळीनं तांबूस झाले होते. काखेत वही. ती खोकली, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ओझेला ग्राइम्स तूच ना?"

"हो मॅडम."

"मिस्टर बर्लनी वाट दाखवली म्हणून सापडलं. त्यांच्याकडून दुकानात कळलं की तुझा भाऊ राहतो इथं. कमावता. आमच्या कागदावर तर भाऊ नाही."

बर्ल पायरीपाशी आला. ओझेलाकडं बघितलं नाही. त्यानं आपला पाय आडव्या बुटाशेजारी ठेवला, टाचेला टाच लावून. त्याचा पाय दोन बोटं लहान भरला. त्यानं पाय हळूच मागं घेतला.

"मोठा गडी दिसतोय," तो म्हणाला. "झोपलाय का?"

"नाही साहेब." तिचा आवाज तिलाच दुरून आल्यासारखा वाटला. "गावात गेलाय. गिरणीत आज पगार आहे."

"बूट टाकून?"

कढईतलं पाणी उकळत होतं. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"चांगले बूट घालून गेलाय साहेब. हे शेतातले."

बर्लनं तंबाखूची पिंक टाकली. "मिस, तुम्ही आत बघून घ्या. मी आहे इथं." आणि तो पायरीवरच बसला, बुटांच्या शेजारी, आणि व्हर्लीन उभी होती त्या कट्ट्याकडं तोंड करून.

"व्हर्लीन," ओझेला म्हणाली, "आत ये. क्लीओला घे."

मिस टार्पली घरात शिरली. तिनं पलंगाखाली वाकून बघितलं. गादी उचलून बघितली. उशी उचलली, नाकाशी धरली. पेटी उघडली आणि ओझेलाचे आतले कपडे एकेक करून बाजूला काढले. दोन जागी ठिगळ लावलेला परकर तिनं चिमटीत धरला तेव्हा ओझेलानं भिंतीवरच्या वर्तमानपत्राकडं बघितलं. ताटं मोजली, चार. दात घासायचे ब्रश मोजले, एक. मक्याची भाकरी झाकलेली होती, ती उघडली आणि पुन्हा झाकली. मदतीत मिळालेल्या चीजच्या डब्यावर बोटानं टकटक केलं.

शेवटच्या खोलीत, चुलीपाशी, नेटी रूथ उभी होती. मिस टार्पली तिच्यासमोर उकिडवी बसली. आवाज मऊ केला.

"तुझं नाव काय, बाळ?"

"नेटी रूथ ग्राइम्स."

"छान. नेटी रूथ, तुमच्या घरात कोण कोण राहतं?"

नेटी रूथनं तोंड उघडलं. समोर झगा होता, वही होती. पण तीनही दारं उघडी होती, आणि सरळ रेषेत पलीकडं, पायरीवर, पँटवाल्याची पाठ दिसत होती. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग तिनं मिस टार्पलीच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू विचारलं, "तुमचं उत्तर सांगू, की त्यांचं?"

ओझेलानं टेबलाचा कोपरा धरला.

मिस टार्पलीची नजर पोरीच्या चेहऱ्यावरून खाली आली, जमिनीच्या फळ्यांवरून ओझेलाच्या अनवाणी पायांपर्यंत. उजव्या अंगठ्याशी बाहेर आलेलं हाड, लिंबाएवढं. तिनं ते बघितलं. मग उठून ती पडवीच्या दारापर्यंत गेली, बर्लच्या पाठीमागून वाकून बुटाकडं बघितलं, तिथं चामड्यात बोटभर चीर होती. परत आली. येताना मधलं दार लोटलं.

"ते बूट तुझे आहेत," ती पुटपुटली.

ओझेलानं उजवा पाय डाव्यामागं ओढून घेतला.

"या घरात पुरुष नाही. वस्तरा नाही, सदरा नाही, तंबाखूचा वाससुद्धा नाही. सहा महिने घरं बघतेय मी. पुरुष असलेलं घर दारातच कळतं." तिनं व्हर्लीनकडं बघितलं. व्हर्लीन क्लीओला कडेवर घेऊन भिंतीला टेकली होती, आणि क्लीओचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मिस टार्पलीनं नजर पटकन काढून घेतली. "तू तोंडानं सांग. घरात पुरुष नाही, भाऊ नाही. मी तसं लिहिते. चेक चालू राहील."

"आणि मॅडम," ओझेलानं विचारलं, "त्यांना काय सांगाल?"

"कुणाला?"

ओझेलानं हनुवटीनं दाराकडं दाखवलं.

मिस टार्पलीनं पेन्सिल वहीच्या तारेत खुपसली, पुन्हा काढली. "त्यांनीच खबर दिली आहे. मला सांगावं लागेल, की खबर चुकीची होती."

"नाही सांगितलं तर?"

"माझा कागद पंचांपुढं वाचतात. मालक बसतात तिथं. मिस्टर बर्लना संध्याकाळीच कळेल." ती थांबली. "मी एक लिहून दुसरं बोलू शकत नाही. माझी नोकरी..."

"हो मॅडम. नोकरी सगळ्यांनाच असते."

हे शब्द टोचून बोलायचे नव्हते, पण टोचले. गोऱ्या मुलीच्या गळ्यावर लाल चट्टे उठले.

चेक गेला तर उद्यापासून ओझेलाला सरीत जावं लागणार. पोरं दिवसभर एकटी. क्लीओचं औषध बंद. आणि चेक राहिला तर आज संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर बर्लला कळणार की ओझेलाच्या घरात गडी नाही, कधी नव्हताच, आणि सहा महिने ती त्याच्या तोंडावर खोटं बोलली. मग तो पायरीवर बसणार नाही. आत येईल. किंवा घर रिकामं करा म्हणेल, नाहीतर पोरीला पाठवा. आणि हे दोन्ही तो हसतच म्हणेल.

दोन्हीकडून दोरी त्याच्याच हातात होती. तिला फक्त कुठला गळा पुढं करायचा ते ठरवायचं होतं.

बाहेर बर्लनं घसा खाकरला. "मिस, किती वेळ? ऊन चढतंय."

ओझेलानं मधलं दार उघडलं. ती पुढं गेली, पडवीच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि मोठ्यानं, चर्चमध्ये साक्ष द्यावी तशी म्हणाली, "हो मॅडम. मी कागदावर सांगितलं नाही, चुकले. माझा भाऊ एझ्रा माझ्याकडं राहतो. ते बूट त्याचेच."

नेटी रूथनं दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं.

मिस टार्पली मागून आली. मग तिनं वही उघडून लिहिलं. ओझेलाला वाचता येत होतं, पण तिनं बघितलं नाही. तिनं बर्लच्या मानेकडं बघितलं. ती मान आधी स्थिर होती, मग हळूच बुटांकडं वळली आणि परत रस्त्याकडं झाली.

"बरं," तो उठत म्हणाला. "म्हणजे आता चेक नाही. मग उद्या सरीत येशील."

"येते साहेब."

"पोरगी?"

"ती धाकट्याला बघेल. एझ्रा दिवसा घरीच असतो. कुणी आलं-गेलं तर त्याला लगेच जाग येते. झोप फार सावध आहे त्याची."

बर्ल तिच्याकडं बघत राहिला. तिनं नजर खाली ठेवली, पण हलवली नाही. मग तो ट्रककडं गेला. मिस टार्पली पायऱ्या उतरताना आडव्या बुटाशी अडखळली. तिनं तो वाकून उचलला, पायरीवर नीट सरळ ठेवला, आणि लगेच हात झग्याला पुसले. गाडीचं दार लावताना ती म्हणाली, "खुरपणी संपल्यावर पुन्हा अर्ज कर."

"हो मॅडम."

दोन्ही गाड्या एकाच धुळीत गेल्या.

नेटी रूथ आईच्या एप्रनला बिलगली. "आई, मी चुकीचं सांगितलं का?"

"नाही गं. प्रश्नच चुकीचा आला होता. धडा नव्हता तो आपल्याला."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता खुरपणीवाल्या बायांचा ट्रक वळणावर उभा राहिला. ओझेलानं कानस लावून खुरप्याची धार करून ठेवली होती. लांब दांड्याचं खुरपं, दांडा तिच्या हातानं गुळगुळीत झालेला. डब्यात मक्याची भाकरी आणि काकवी. क्लीओच्या छातीला तेल चोळून झालं होतं.

"कडी आतून," ती व्हर्लीनला म्हणाली. "पंपावर जायचं तर आत्ताच जाऊन ये. मग नाही. दार वाजलं तर?"

"मामा, कुणीतरी आलंय, असं आत तोंड करून ओरडायचं."

"मोठ्यानं."

"मोठ्यानं. आई, तुझे पाय? बूट घाल ना. दव आहे, आणि गवतात साप असतात."

ओझेलानं पंपाखाली बुटांचे तळवे दाबले. आज जास्त चिखल घेतला. एक बूट वरच्या पायरीवर, दुसरा दाराला टेकून. ती लांब जाऊन बघून आली. परत येऊन दुसरा जरा फिरवला.

"बूट एझ्राला लागतील," ती म्हणाली आणि अनवाणी चालत गेली.

ट्रकच्या मागच्या फळीवरून डोव्ही मावशीनं हात दिला. वर चढल्यावर सगळ्या बायांच्या नजरा तिच्या पायांवर गेल्या.

"बूट कुठं गं तुझे?" कोरा बेलनं विचारलं.

"घरी. एझ्रा झोपलाय."

कोरा बेलनं गोणपाटाचा एक तुकडा तिच्याकडं सरकवला, पायाला बांधायला. डोव्ही मावशी म्हणाली, "झोपू दे. दमतो बिचारा." एकजण फसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

सऱ्या पार क्षितिजापर्यंत गेल्या होत्या. मातीची ढेकळं वरून वाळलेली, खाली दवानं गार. गोणपाट पहिल्या सरीतच सुटलं. दोन रोपं ठेवायची, मधली काढायची, तण मुळापासून कापायचं, पाऊल पुढं टाकायचं. हात आपोआप चालत होते. पण दर दहा पावलांना ओझेलाची मान रस्त्याकडं वळत होती. मैलभरावर तिचं घर काडेपेटीएवढं दिसत होतं. बूट इथून दिसत नव्हते.

ऊन अंगावर आलं तेव्हा धूळ उठली.

एकाच गाडीची धूळ होती, बारीक. ती मळ्याच्या दुकानाकडून निघाली, कालव्यावरून आली. बाया खुरपत होत्या. डोव्ही मावशीनं मान वर न करता विचारलं, "करडा?"

"कळत नाही."

धूळ वळणापाशी आली आणि मंदावली. लोट मागून पुढं आला आणि गाडीवरच पसरला, म्हणजे गाडी थांबली होती. ओझेलाचं खुरपं खालीवर होतच राहिलं, पण तिला ते ठाऊक नव्हतं. ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती, मामा, कुणीतरी आलंय. मामा, कुणीतरी आलंय. मोठ्यानं म्हण गं. मोठ्यानं.

धूळ बराच वेळ तशीच राहिली.

मग तिचं टोक हललं. लांबलं. घर मागं टाकून ती नदीच्या बाजूला निघून गेली.

ओझेलानं श्वास सोडला आणि खाली बघितलं. तिच्या पायाशी हातभर जागा मोकळी झाली होती. तणाबरोबर कापसाची चार चांगली रोपं तिनं कापून टाकली होती. मुकादमानं बघितलं तर दिवसाची मजुरी गेली.

तिनं चटकन इकडं तिकडं बघितलं. मग वाकून ती रोपं उचलली, एकेक करून बोटानं मातीत भोकं पाडली आणि त्यांत ती सरळ उभी केली. भोवती माती दाबली. मुळं नव्हती, पण उन्हानं माना टाकेपर्यंत ती जिवंत दिसली असती.

"चल पोरी," डोव्ही मावशी पुढून म्हणाली. "तो परत याच वाटेनं येतो."